तोडकामाचा अंदाज

मी इमारती किलोवर घेतो.
इलाही शिकलगार. मिरज रोडला आवार आहे माझं,
तिथं तीनशेएक चौकटी उभ्या आहेत,
ज्यांतून आता कुणी कुठं जात नाही.

गणपती पेठेतलं लुंकड शेठचं हळदीचं गोदाम
अर्ध्या तासात बघून घेतलं.
सागवानी तुळया अठरा, दोन वाळवीनं खाल्लेल्या.
कौलं मंगळुरी, फुटीत तिसरा हिस्सा धरायचा.
विटा चुन्यातल्या, म्हणजे साफ निघतात,
सिमेंटातल्यासारख्या रडवत नाहीत.
आकडा सांगितला. शेठनं मान हलवली.
जेसीबी सोमवारी.

सोमवारी पायरीवर ती बसलेली, पद्मजा मगदूम,
शेठच्या सुनेनं बोलावलेली आर्किटेक्ट.
मांडीवर कागद, आणि त्यावर घरबिर काही नाही,
नुसत्या भिंतीतल्या भेगा काढलेल्या,
एकेक, तारीख घालून.
म्हणाली, चाचा, इंजिन बंद करा जरा, ऐकू येत नाही.
तिनं एका विटेवर रुपया वाजवला.
मग दुसरीवर.
मला फरक कळला. चाळीस वर्षं मी हेच करतोय,
फक्त भाव ठरवायला.

आत पुराची रेघ होती, एकोणीस सालची,
माझ्या डोक्याच्या वर हातभर.
खाली चिखल, वर हळद,
मधे सुतात मारल्यासारखी सरळ.
ती म्हणाली, नवीन बांधाल तरी कृष्णा हीच उंची मागणार.
जिला ती पाठ आहे तीच भिंत पाडताय?

शेठ चिडले. मग काय, पूजा घालू हिची?
तिनं आवाज चढवला नाही.
विटा भाजताना जळलेलं लाकूड,
तुळयांसाठी पडलेलं रान,
गाड्या ओढून गेलेले बैल,
सगळं यात जमा आहे, शेठ.
तुम्ही मुद्दल मोडताय.

शेठ व्यापारी माणूस.
त्या एका शब्दापाशी थांबले.

पश्चिमेची भिंत मात्र तिनं मला दिली.
ही न्या, म्हणाली, हिच्यात काही उरलं नाही.
तेव्हा मला ती पटली.
जुन्यावर जीव टाकणारे पुष्कळ बघितलेत,
पाडूही देत नाहीत, राखतही नाहीत,
शेवटी पावसाळाच माझं काम फुकटात करतो.

मग ती माझ्या आवारात आली, भर उन्हात,
त्या दोन खाल्लेल्या तुळयांच्या बदल्यात दोन शोधायला.
आष्ट्याच्या चावडीच्या निघाल्या.
वीतभर लांब होत्या. मी करवत मागवली,
तर म्हणे राहू दे, दिसू दे भिंतीबाहेर,
उद्या कुणाला लांब लागली तर?

हणमा वडार तीन आठवडे चुना मळत होता,
गूळ घालून, हिरडा घालून, शिव्या घालून.
पोरं म्हणाली, मिस्त्री, सिमेंटची पोती पडलीत की तिथं.
कडक पाहुण्याशी, तो म्हणाला, जुनी भिंत नांदत नाही.

आता खाली उघडा बाजार, खांबच खांब,
पाणी आलं तर येईल, जाईल, फरशी धुऊन काढायची.
रेघेच्या वर, पोटमाळ्यावर, पाळणाघर,
हळद निवडणाऱ्या बायकांच्या पोरांचं.
रेघ पुसू दिली नाही तिनं. रंगवलीही नाही.

मी अजून इमारती पाडतो. पोट आहे.
पण आकड्याआधी रुपया काढतो खिशातून,
आणि दोनदा तर
आकडा न सांगता तिचा नंबर देऊन आलो.
पोरगा म्हणतो, अब्बा, असा धंदा होतो का.
होत नाही.

परवा तिकडून जाताना वर चढलो,
आष्ट्याच्या तुळया ओळखू येतात का बघायला.
एक पोर भिंतीला गाल लावून झोपलेलं.
उठलं तेव्हा तो गाल पिवळा होता.

पश्चिमेच्या विटांचा हिशेब
शेठकडं अजून बाकी आहे. आठवण करून द्यायला हवी.